कंपन्यांचे मानवी हक्कविषयक दायित्व

व्यापारी वा औद्योगिक कंपनीने स्वतःच्या, आपल्या उपकंपन्यांच्या व पुरवठादारांच्या कामकाजात माणसांच्या मूलभूत हक्कांचा भंग होण्याचा संभव कोठे आहे हे शोधून काढावे, त्यास वेळीच आळा घालावा आणि भंग झाल्यास बाधितांना भरपाई द्यावी, अशी सक्ती करणारे कायदे व त्यांमागील तत्त्व. मानवी हक्कांची संकल्पना राज्यसंस्थेच्या सत्तेला आवर घालण्यासाठी उदयास आली. त्यामुळे हक्कांचा भंग करणारे ते राज्य व त्यांचे रक्षण करणारेही राज्यच, असे गृहीत धरून विसाव्या शतकातील बहुतेक आंतरराष्ट्रीय करार रचले गेले. कंपनीला या रचनेत स्वतंत्र स्थान नव्हते. कामाचे तास, बालमजुरी, यंत्रांभोवतीचे कठडे यांविषयीचे कारखाना कायदे एकोणिसाव्या शतकापासून होते. परंतु ते ज्या देशात कारखाना त्या देशापुरते आणि ज्याच्या नावावर कारखाना त्या मालकापुरतेच लागू होत. जिचे संचालक एका देशात, मजूर दुसऱ्या देशात व नफा तिसऱ्या देशात, अशा कंपनीपुढे ते अपुरे पडत. ही उणीव भरून काढण्याच्या हेतूने जे कायदे पुढे आले, त्यांपैकी सर्व उद्योगांना व सर्व मानवी हक्कांना व्यापणारा पहिला कायदा फ्रान्सने २०१७ मध्ये केला.

या प्रश्नाचे मूळ कंपनीच्या कायदेशीर घडणीतच आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये १८५५ च्या अधिनियमाने भागधारकांची जबाबदारी त्यांच्या भागाच्या रकमेपुरती मर्यादित झाली. हिंदुस्थानात ही सोय १८५७ च्या अधिनियमाने आली. कंपनी ही तिच्या भागधारकांहून भिन्न अशी विधिमान्य व्यक्ती आहे, हे तत्त्व सॉलोमन खटल्यात (१८९७) इंग्लंडच्या उमराव सभेने निःसंदिग्धपणे प्रस्थापित केले. पुढे एका कंपनीने दुसऱ्या कंपनीचे भाग घेण्याची पद्धत रूढ झाल्यावर हाच न्याय सूत्रधारी कंपनी व उपकंपनी यांनाही लागू झाला. नियंत्रण वरच्या कंपनीकडे, पण ऋण व अपराध खालच्या कंपनीचे, अशी विभागणी त्यामुळे शक्य झाली. भांडवल गोळा करण्याचे साधन म्हणून या व्यवस्थेने मोठे कार्य केले, हे नाकारता येणार नाही. परंतु तिच्यामुळे एक विलक्षण बचावही कायद्यात रुजला. दूरच्या मुलखात आपल्या नावाने काय चालले आहे ते संचालकांना माहीत नसेल, तर त्यांच्यावर दोष येत नाही आणि ते माहीत करून घेण्याचे बंधनही त्यांच्यावर नाही, असा तो बचाव होय.

पुटुमायो प्रकरण : या बचावाची पहिली ठळक कसोटी दक्षिण अमेरिकेतील रबराच्या जंगलात लागली. ॲमेझॉनची उपनदी पुटुमायो हिच्या खोऱ्यावर पेरू व कोलंबिया या दोन्ही देशांचा दावा होता. प्रत्यक्षात तेथे कोणत्याही शासनाचा अंमल नव्हता. हुलिओ सेसार आराना या पेरूच्या व्यापाऱ्याने तेथील रबराचा धंदा आपल्या हाती घेतला व १९०७ मध्ये लंडन येथे दहा लक्ष पौंड भांडवलाची ‘पेरूव्हियन ॲमेझॉन कंपनी’ नोंदविली. संचालक मंडळावर काही प्रतिष्ठित इंग्रज गृहस्थ घेण्यात आले. जंगलातील ठाणेप्रमुखांना पगाराऐवजी जमा झालेल्या रबराच्या प्रमाणात अडत मिळे. साहजिकच विटोटो, बोरा, आंदोके इ. आदिवासींकडून रबर गोळा करून घेण्यासाठी फटके, उपासमार, ओलीस ठेवणे व खून यांचा सर्रास अवलंब होऊ लागला. वॉल्टर हार्डनबर्ग या अमेरिकन अभियंत्याने तेथे पाहिलेली हकीकत १९०९ मध्ये लंडनच्या ‘ट्रुथ’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. ठाण्यांवर बार्बेडोस बेटावरून आणलेले मुकादम होते व ते ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळे ब्रिटिश शासनाला चौकशीचे निमित्त मिळाले. काँगोतील अत्याचारांचा अहवाल देऊन प्रसिद्धीस आलेले वाणिज्यदूत रॉजर केसमेंट (१८६४–१९१६) यांना १९१० मध्ये तेथे धाडण्यात आले. त्यांनी मुकादमांच्या जबान्या एकेक करून नोंदविल्या. आदिवासींच्या पाठींवरील वळांची नोंदही त्यांच्या अहवालात आहे. १९१२ मध्ये हा अहवाल शासकीय पत्रिकेच्या रूपाने प्रकाशित झाला, तेव्हा इंग्लंडमध्ये मोठी खळबळ उडाली.

पुढची घटना या विषयाच्या इतिहासात विशेष महत्त्वाची असून तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष अलीकडेच वळले आहे. हाउस ऑफ कॉमन्सने एक प्रवर समिती नेमून तिच्यापुढे थेट असा प्रश्न ठेवला, की या अत्याचारांबद्दल कंपनीच्या इंग्रज संचालकांवर कोणती जबाबदारी येते आणि प्रचलित कायदा त्यासाठी पुरेसा आहे काय. संचालकांनी साक्षीत आपले अज्ञान पुढे केले. त्यांच्यापैकी काहींना त्या प्रदेशाची वा तेथील भाषेची ओळख नव्हती. हिशेब नीट येत होते, म्हणून अधिक विचारपूस करण्याचे त्यांना कारण वाटले नव्हते. समितीने १९१३ च्या अहवालात संचालकांवर निंदनीय हयगयीचा ठपका ठेवला; मात्र गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या कायद्यांखाली त्यांच्यावर खटला भरता येत नाही, असाही निर्वाळा दिला. ते कायदे गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यासाठी होते. दुसऱ्याच्या छळातून आलेले रबर डोळे मिटून विकणाऱ्यासाठी नव्हते. समितीने कायद्यात दुरुस्ती सुचविली. त्याच वर्षी न्यायालयाच्या आदेशाने कंपनी विसर्जित झाली, पुढील वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि शिफारशी मागे पडल्या. कायद्यातील नेमकी उणीव कोणती, हे अशा रीतीने १९१३ मध्येच स्पष्ट झाले होते. ती भरून निघण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे फ्लिक, क्रप व आय. जी. फार्बेन या उद्योगसमूहांच्या प्रमुखांवर अमेरिकन लष्करी न्यायासनांपुढे खटले चालले. फार्बेन खटल्यात (१९४७–४८) ऑश्‌व्हिट्सनजीकच्या कारखान्यातील वेठबिगार, परप्रदेशातील मालमत्तेची लूट इ. आरोपांवरून तेवीस जणांचा निवाडा होऊन तेरा जण दोषी ठरले. उद्योगपतीही आंतरराष्ट्रीय गुन्ह्यास पात्र ठरू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. तथापि आरोपीच्या पिंजऱ्यात व्यक्ती होत्या, कंपनी नव्हती. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या (१९४८) उद्देशिकेत समाजाच्या प्रत्येक घटकाने हे हक्क पाळावेत, अशी अपेक्षा आहे. परंतु तिच्यापुढे जाऊन कंपन्यांवर बंधन घालणारा कोणताही करार झाला नाही.

भोपाळ : २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइड इंडिया लि. या कंपनीच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू निसटला व झोपेत असलेल्या वस्त्यांवर पसरला. तत्काळ झालेल्या मृत्यूंचा शासकीय आकडा २,२५९ असा होता. पुढील वर्षांत तो कितीतरी वाढला आणि लक्षावधी लोकांना कायमचे विकार जडले. भारतीय कंपनीचे ५०·९ टक्के भाग अमेरिकेतील युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनकडे होते. भारत शासनाने १९८५ चा अधिनियम करून सर्व बाधितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला व न्यूयॉर्कच्या न्यायालयात फिर्याद दाखल केली. तीत मांडलेला सिद्धांत त्या काळी नवा होता. बहुराष्ट्रीय निगम कागदोपत्री अनेक कंपन्यांत विभागलेला असला, तरी ज्ञान, रचना व निर्णय या दृष्टींनी तो एकच असतो. धोका कोणता आहे ते त्यालाच कळू शकते आणि तो टाळण्याची साधनेही त्याच्यापाशीच असतात. म्हणून जबाबदारीही त्या एका निगमाचीच, असे भारताचे म्हणणे होते. अमेरिकन कंपनीने याउलट भोपाळचा कारखाना स्वतंत्र भारतीय कंपनीने उभारला व चालविला, असे प्रतिपादन केले.

न्यायाधीश जॉन कीनान यांनी मे १९८६ मध्ये खटला भारतातच चालणे इष्ट असल्याचे ठरवून तो परत पाठविला. मूळ प्रश्नाला त्यांना हात घालावा लागला नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये अंतरिम मदतीच्या आदेशात कंपनीचा पडदा बाजूला सारून अमेरिकन कंपनीला जबाबदार धरण्याची तयारी दर्शविली. पण फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि सूत्रधारी कंपनी जबाबदार होती की नाही, याचा अंतिम निवाडा झालाच नाही. २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाबद्दल दोन वर्षांची शिक्षा दिली. अमेरिकन कंपनी त्या न्यायालयात कधीच हजर राहिली नाही. भरपाईची रक्कम वाढवून मिळावी यासाठी भारत शासनाने केलेला अखेरचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. दरम्यान दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात (१९८६) मुख्य न्यायमूर्ती प्र. न. भगवती यांच्या घटनापीठाने धोकादायक उद्योगावर निरपवाद जबाबदारी टाकणारे तत्त्व सांगितले होते. भारतीय विधिशास्त्रातील हे मोठे पाऊल होय. परंतु ज्यांच्या दुःखाने या तत्त्वाला निकड आणली, त्या भोपाळवासीयांच्या दाव्यात ते कधी पारखले गेले नाही.

आंतरराष्ट्रीय प्रयत्न : चिलीचे राष्ट्राध्यक्ष साल्व्हादोर आयेंदे यांनी डिसेंबर १९७२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बहुराष्ट्रीय निगमांच्या हस्तक्षेपाविरुद्ध तक्रार मांडली. त्यानंतर १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या निगमांविषयी एक आयोग स्थापून आचारसंहितेचे काम हाती घेतले. श्रीमंत राष्ट्रांना गुंतवणुकीचे संरक्षण हवे होते, तर नवस्वतंत्र राष्ट्रांना निगमांवर नियंत्रण; मसुदा दीड दशक रेंगाळून १९९२ मध्ये सोडून देण्यात आला. याच काळात आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (१९७६) व आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने (१९७७) काढलेली मार्गदर्शक तत्त्वे ऐच्छिक होती. १९९० नंतर कपडे व बूट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या आचारसंहिता तयार करून कारखान्यांच्या खाजगी तपासण्या सुरू केल्या. त्यांतून काही ठिकाणी सुधारणा झाली. पण तपासनीस नेमणारा, त्याला पैसे देणारा व त्याच्या दाखल्याचा उपयोग करणारा पक्ष एकच असे. कराची येथील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला सामाजिक मानकाचा दाखला मिळून काही आठवडेच झाले होते, तोच ११ सप्टेंबर २०१२ रोजी लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार होरपळून वा गुदमरून मृत्युमुखी पडले.

संयुक्त राष्ट्रांच्या एका उपआयोगाने २००३ मध्ये कंपन्यांवर थेट बंधने घालणारी ‘मानके’ मंजूर केली. वरिष्ठ आयोगाने ती स्वीकारली नाहीत. ही कोंडी फोडण्यासाठी २००५ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जॉन रगी (१९४४–२०२१) यांची खास प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली. त्यांनी तयार केलेल्या एकतीस मार्गदर्शक तत्त्वांना मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये एकमताने मान्यता दिली. हक्कांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य, हक्कांचा आदर ही कंपनीची जबाबदारी आणि बाधितांना दाद मिळण्याची सोय ही दोघांची, अशी त्यांची त्रिविध मांडणी आहे. ही तत्त्वे बंधनकारक नाहीत. त्यामुळे अनेकांनी ती निरुपयोगी ठरविली. या टीकेत तथ्य असले, तरी एक गोष्ट तिच्यातून निसटते. कंपनीने आपल्या व्यवहारांचे मानवी हक्कांवरील परिणाम सतत तपासत राहावे, ही ‘दक्षते’ची कल्पना याच तत्त्वांनी रूढ केली. अज्ञान हा आजवर बचाव होता. दक्षतेच्या कल्पनेने अज्ञान हाच दोष ठरू लागला. पुढील सर्व कायदे या एका उलटापालटीवर उभे आहेत.

न्यायालयांतही हा प्रश्न धसास लावण्याचे प्रयत्न चालू होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १७८९ च्या एका जुन्या अधिनियमाच्या आधारे परकीयांना तेथील न्यायालयांत दाद मागता येते, असे १९८० मध्ये ठरले. ब्रह्मदेशातील नळमार्गावरील वेठबिगारीबद्दल युनोकल या तेल कंपनीविरुद्ध त्याच आधारे दावा होऊन २००५ मध्ये तडजोड झाली. पण २०१३, २०१८ व २०२१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी हा दरवाजा बव्हंशी बंद केला. इंग्लंडमध्ये मात्र उलट घडले. झांबियातील चिंगोला भागातील १,८२६ गावकऱ्यांनी तांब्याच्या खाणीमुळे नदी दूषित झाल्याबद्दल लंडनमध्ये नोंदलेल्या वेदान्त रिसोर्सेस या सूत्रधारी कंपनीवर दावा लावला, तेव्हा तो इंग्लंडमध्ये चालू शकतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. कंपनीने आपल्या प्रकाशित अहवालांतून साऱ्या समूहाच्या पर्यावरणविषयक धोरणावर देखरेख ठेवत असल्याचे सांगितले होते. हे कथन न्यायालयाने तिच्याविरुद्ध विचारात घेतले. यातून एक विपरीत परिणाम संभवत होता. जी कंपनी लक्ष घालते ती सापडते आणि जी मुळीच लक्ष घालत नाही ती सुटते. फ्रान्समध्येही हाच पेच एरिका या तेलवाहू जहाजाच्या प्रकरणी उद्भवला होता. डिसेंबर १९९९ मध्ये ब्रिटनी किनाऱ्याजवळ हे जहाज फुटले. तोताल कंपनी त्याची मालक नव्हती. परंतु तिने स्वेच्छेने जहाजाची तपासणी अंगावर घेतली होती व ती नीट केली नाही, म्हणून फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तिला दोषी ठरविले. तपासणी ऐच्छिक न ठेवता सक्तीची करणे हाच यावर उपाय होता.

राणा प्लाझा व फ्रेंच अधिनियम : बांगला देशातील ढाक्यानजीक साभार येथील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी सकाळी कोसळली. तीत पाच तयार कपड्यांचे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेल्याचे सर्वांनी पाहिले होते. खालच्या मजल्यांवरील बँक व दुकाने दुसऱ्या दिवशी बंद राहिली, पण शिवणकामगारांना कामावर येणे भाग पाडण्यात आले. १,१३४ माणसे मृत्यू पावली व सु. अडीच हजार जखमी झाली. मृतांत स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यांतील काही कारखान्यांची खरेदीदारांच्या वतीने तपासणी झालेली होती. परंतु इमारतीची मजबुती तपासनिसांच्या कामाच्या कक्षेत येत नव्हती. येथील कपडे कोणासाठी शिवले जात होते, हे ढिगाऱ्यात सापडलेल्या कपड्यांच्या नाममुद्रांवरून शोधावे लागले. यूरोपातील कित्येक विक्रेत्यांना आपला माल या इमारतीत तयार होतो हे माहीत नव्हते किंवा तसे त्यांनी सांगितले. शंभर वर्षांपूर्वी पुटुमायो कंपनीच्या संचालकांनीही हेच सांगितले होते. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या देखरेखीखाली तीन कोटी डॉलरचा भरपाई निधी उभा राहण्यास जून २०१५ उजाडले, कारण देणग्या ऐच्छिक होत्या. मे २०१३ मध्ये कामगार संघटना व खरेदीदार कंपन्या यांच्यात इमारत-सुरक्षेचा जो करार झाला, तो मात्र बंधनकारक होता. कारखान्यांच्या इमारतींची अभियंत्यांकडून खरीखुरी तपासणी त्यामुळेच सुरू झाली.

फ्रान्समध्ये याच वर्षी दक्षतेच्या कायद्याचा पहिला मसुदा राष्ट्रीय सभेपुढे आला. हानी झाल्यास सूत्रधारी कंपनी दोषी आहे असे गृहीत धरावे व निर्दोषत्व तिने सिद्ध करावे, अशी तरतूद त्यात होती. उद्योगसंघटनांनी कडाडून विरोध केला व शासनही बिचकले. २०१५ मध्ये दोमिनिक पोतिए या समाजवादी प्रतिनिधींच्या पुढाकाराने आलेल्या दुसऱ्या मसुद्यातून ही तरतूद गाळण्यात आली. सेनेटचा विरोध डावलून राष्ट्रीय सभेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी तो अखेर मंजूर केला. कमाल तीन कोटी यूरोंपर्यंतच्या दंडाची तरतूद संविधान परिषदेने मार्चमध्ये रद्द केली. ‘मानवी हक्क’ यांसारखे व्यापक शब्द दंडनीय अपराधाची व्याख्या म्हणून पुरेसे निश्चित नाहीत, असे तिचे मत पडले. उरलेला अधिनियम २७ मार्च २०१७ रोजी जारी झाला. फ्रान्समध्ये पाच हजार किंवा जगभर मिळून दहा हजार कामगार असलेल्या कंपन्यांना तो लागू होतो. कंपनीने दरवर्षी दक्षता-योजना प्रसिद्ध करावयाची असते. धोक्यांचा आलेख, उपकंपन्या व नेहमीच्या पुरवठादारांची तपासणी, प्रतिबंधक उपाय, तक्रार-सूचनेची सोय आणि उपायांच्या परिणामकारकतेवर देखरेख ही तिची अंगे होत. योजना अपुरी असल्यास बाधित व्यक्ती, कामगार संघटना वा लोकसंस्था कंपनीस नोटीस देतात व तीन महिन्यांत सुधारणा न झाल्यास न्यायालयात जातात. योजनेतील त्रुटीमुळे हानी झाली असे सिद्ध झाले, तर कंपनीला भरपाई द्यावी लागते. ते सिद्ध करण्याचा भार मात्र बाधितावरच राहिला आणि कंपनीची कागदपत्रे परदेशातील शेतकऱ्याने वा शिवणकामगाराने मिळवावीत कशी, याची सोय कायद्यात नाही.

हा दोष प्रत्यक्ष व्यवहारात लगेच जाणवला. युगांडातील तेलक्षेत्र व तेथून टांझानियाच्या किनाऱ्यापर्यंत जाणारा नळमार्ग यांमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या बाजूने सहा फ्रेंच व युगांडी संस्थांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये तोतालविरुद्ध दावा लावला. असा दावा व्यापारी न्यायालयात चालावा की दिवाणी, या एकाच मुद्द्यावर दोन वर्षे गेली. तो डिसेंबर २०२१ मध्ये मिटला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने, मूळ नोटिशीतील तक्रारी व न्यायालयापुढील तक्रारी वेगळ्या आहेत, असे कारण देऊन दावा दाखल करून घेण्यासच नकार दिला. एव्हाना अनेक कुटुंबांच्या जमिनींचे संपादन होऊन गेले होते. गुणदोषांवर पहिला निकाल ५ डिसेंबर २०२३ रोजी लागला व तो फ्रेंच डाकसेवेविरुद्ध होता. पोटठेकेदारांकडे परवान्याविना राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांचा प्रश्न एका कामगार संघटनेने उपस्थित केला होता. धोक्यांचा आलेख इतका ढोबळ आहे की, कोठे काय करावयाचे ते त्यावरून कळत नाही, असे म्हणून न्यायालयाने तो सुधारण्याचा आदेश दिला. जून २०२५ मध्ये अपिलातही हा निकाल कायम राहिला. दूरदेशीच्या मजुरांसाठी केलेल्या कायद्याचे पहिले यश फ्रान्समधल्याच मजुरांच्या वाट्याला आले, हे लक्षणीय आहे. पुरावा त्यांना हाताशी होता.

इतर देशांचे कायदे कमीअधिक सौम्य आहेत. ब्रिटनचा आधुनिक गुलामगिरीविरोधी अधिनियम (२०१५) वर्षाला ३·६ कोटी पौंडांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना केवळ निवेदन प्रसिद्ध करावयास लावतो. काहीच उपाय केले नाहीत, असे निवेदनही त्यास चालते. नेदर्लंड्समध्ये बालमजुरीविषयी २०१९ मध्ये झालेला कायदा अंमलात आलाच नाही. स्वित्झर्लंडमध्ये नोव्हेंबर २०२० च्या सार्वमतात ५०·७ टक्के मतदारांनी कडक कायद्याला कौल दिला, परंतु बहुसंख्य कँटनांनी विरोध केल्याने तो नामंजूर झाला. जर्मनीने २०२१ मध्ये केलेला पुरवठा-साखळी अधिनियम २०२३ पासून लागू झाला. त्याची अंमलबजावणी शासकीय कार्यालयाकडे असून मोठ्या कंपन्यांना उलाढालीच्या दोन टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. बाधितांना मात्र या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. कराचीच्या आगीतील मृतांच्या वारसांनी कारखान्याचा प्रमुख ग्राहक असलेल्या किक या जर्मन कंपनीवर डॉर्टमुंड येथे लावलेला दावा पाकिस्तानी कायद्यानुसार मुदतबाह्य ठरून जानेवारी २०१९ मध्ये फेटाळला गेला होता. त्यानंतर झालेल्या कायद्यातही अशा वारसांसाठी जागा ठेवली गेली नाही.

उत्पादक देशांत या कायद्यांविषयी संशयही आहे व त्याला इतिहासाचा आधार आहे. हिंदुस्थानातील १८८१ च्या कारखाना अधिनियमामागे लँकाशरच्या गिरणीमालकांचा दबाव होता आणि मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा मोडणे हा त्यांचा उद्देश होता, हे येथील गिरणीमालकांचे व राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सादर केला. त्यात आठवड्याची सुटी, मधली विश्रांती व वेळेवर पगार या मागण्या होत्या. त्या मँचेस्टरहून आलेल्या नव्हत्या. कायदा करणाऱ्याचा हेतू व कामगाराची गरज या दोन स्वतंत्र गोष्टी असल्याचे तेव्हाच दिसून आले होते. १९९६ मध्ये सिंगापूर येथे जागतिक व्यापार संघटनेत मजूरमानके आणण्यास भारतासह अनेक देशांनी विरोध केला, तेव्हा हाच वाद पुन्हा झडला. आजही खरेदीदार दक्षतेचा खर्च पुरवठादारावर ढकलतात व मालाचा दर मात्र वाढवीत नाहीत, ही पुरवठादारांची तक्रार रास्त आहे.

भारतीय संविधानाचे अनुच्छेद २३ व २४ वेठबिगार व धोकादायक कामावरील बालमजुरी यांस प्रतिबंध करतात. हे हक्क खाजगी मालकाविरुद्धही चालतात, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम-मजुरांच्या प्रकरणी १९८२ मध्ये स्पष्ट केले. २०१३ च्या कंपनी अधिनियमाने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे भाग पाडले. या तरतुदीची गल्लत दक्षतेच्या दायित्वाशी वारंवार केली जाते. नफा मिळाल्यावर त्याचा अंश कोठे द्यावा, हे ती सांगते. तो नफा मिळविताना कोणाला काय सोसावे लागले, याची चौकशी ती करीत नाही. २०२२-२३ पासून भांडवल-मूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना उत्तरदायित्व-अहवाल सक्तीचा झाला असून त्यात मानवी हक्कांविषयी प्रश्न आहेत. दक्षता सक्तीची करणारा कायदा भारताने केलेला नाही.

यूरोपीय संघाने जून २०२४ मध्ये दक्षतेविषयीचा निदेश संमत केला. एक हजार कामगार व ४५ कोटी यूरो उलाढाल ही त्याची मर्यादा होती आणि बाधितांना भरपाई मागण्याचा सामाईक अधिकार त्यात दिलेला होता. तो लागू होण्यापूर्वीच स्पर्धाक्षमतेच्या नावाखाली त्यास विरोध वाढला. एप्रिल २०२५ मध्ये अंमलाची मुदत पुढे ढकलण्यात आली; डिसेंबर २०२५ मधील तडजोडीत मर्यादा पाच हजार कामगार व १५० कोटी यूरोंपर्यंत वाढली आणि भरपाईचा सामाईक अधिकार वगळण्यात येऊन तो विषय प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोपविण्यात आला. एक्वादोर व दक्षिण आफ्रिका यांच्या २०१४ मधील ठरावानुसार जिनीव्हा येथे बंधनकारक आंतरराष्ट्रीय कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या. वीस विरुद्ध चौदा मतांनी संमत झालेल्या त्या ठरावाला भारताने अनुकूल मत दिले होते. बहुतेक मोठ्या सूत्रधारी कंपन्या ज्या देशांत नोंदलेल्या आहेत, त्या अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी व जपान या देशांची मते विरोधात पडली.